राज्यशास्त्राचा तास पाण्याच्या चावीपासून सुरू करावा

तुमचा प्रश्न मी असा समजून घेतला आहे. करवीर तालुक्यातील तुमच्या माध्यमिक शाळेत येत्या जूनपासून आठवी ते दहावीच्या प्रत्येक वर्गाला आठवड्यातून एक तास नागरी आणि राजकीय शिक्षणासाठी मिळणार आहे आणि तो तुमच्याकडे आला आहे. मुख्याध्यापकांनी ‘राजकारण शाळेत आणू नका’ असे आधीच बजावले आहे. संस्थेच्या संचालकांपैकी काही जण स्वतः निवडणुका लढवतात आणि पालकांमध्ये सगळ्या गटातटांची माणसे आहेत. अशा स्थितीत काय शिकवावे, सुरुवात कोठून करावी आणि वाद न ओढवून घेता हे कसे निभवावे, असे तुम्ही विचारता. कोल्हापूर शहराच्या वेशीवरील शाळेत सत्तावीस वर्षे इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवल्यानंतर मला जे पटले आहे, ते सांगते.

हा प्रश्न वरवर अभ्यासक्रमाचा वाटला, तरी तुमची खरी अडचण वेगळी आहे, असे मला वाटते. राजकारण शाळेत आणायचे की नाही हा निर्णय आपल्या हातात उरलेलाच नाही, कारण मुले ते घरून घेऊनच येतात. साखर कारखान्याच्या निवडणुकीत कोणते पॅनेल उभे आहे, दूध संस्थेच्या वार्षिक सभेत माईक कोणी हिसकावला, आपल्या वडिलांचे कोणाशी बोलणे बंद आहे, हे आपल्या भागातील तेरा वर्षांच्या मुलाला पक्के ठाऊक असते. मात्र गावच्या रस्त्याचा ठराव कोण करतो, त्याचा पैसा कोठून येतो, सरपंचाने काय करायचे आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याने, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाने काय, हे त्याला सांगता येत नाही. माणसे आणि गट त्याला कळतात, कारभार कळत नाही. आपल्या तासाचे काम ही उणीव भरून काढण्याचे आहे. मुख्याध्यापकांशी बोलतानाही याच शब्दांत बोलावे, म्हणजे त्यांची भीती बरीचशी कमी होते.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून राहतील, हे आधीच सांगितलेले बरे. तुमची शाळा एकाच गावातील मुलांची असेल, तर ग्रामपंचायत हाच तुमचा मुख्य पाठ होईल, पण त्याचबरोबर सरपंचांचा मुलगा आणि पडलेल्या उमेदवाराची मुलगी एका बाकावर असण्याची शक्यताही वाढेल. शाळा शहरालगत असेल तर विषयांना तोटा नाही, मात्र अर्ध्या मुलांना एक कार्यालय लागू पडते आणि अर्ध्यांना दुसरे. वर्गात पस्तीस मुले असतील तर चर्चा घेता येते. सत्तर असतील तर मी चर्चेऐवजी गटात लिहून घेण्यावर भर देईन. तुम्ही शाळेत नवीन असाल तर पहिले वर्ष वादाचे विषय टाळून केवळ कारभाराच्या विषयांत घालवले तरी काही बिघडत नाही. शिक्षकावर गावाचा विश्वास बसायला वर्ष जावे लागते, आणि या विषयात त्या विश्वासाशिवाय पुढे जाता येत नाही.

आता पुस्तकांकडे पाहू. आतापर्यंत वापरात असलेल्या राज्य मंडळाच्या पुस्तकांत स्थानिक शासनसंस्था सहावीत येतात, सातवीत संविधानाची ओळख आणि मूलभूत हक्क येतात, आठवीत संसद, न्यायव्यवस्था, राज्यशासन आणि नोकरशाही, नववीत परराष्ट्र धोरण, सुरक्षा व्यवस्था आणि संयुक्त राष्ट्रे, तर दहावीत निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, चळवळी आणि लोकशाहीसमोरील आव्हाने. यातील प्रत्येक घटक मोलाचा आहे, पण या क्रमाचा एक परिणाम मी वर्षानुवर्षे पाहिला आहे. ग्रामपंचायत आणि महापालिका हा मुलाच्या अगदी दाराशी असलेला कारभार तो अकराव्या वर्षी शिकतो आणि त्यानंतर तो घटक स्वतंत्रपणे पुन्हा समोर येत नाही. अकरा वर्षांचे मूल ‘सदस्यसंख्या किमान ७, कमाल १७’ पाठ करते. चौदाव्या वर्षी जेव्हा त्याला अंदाजपत्रक वाचता आले असते, तेव्हा ते सुरक्षा परिषदेचे कायम सदस्य पाठ करत असते. म्हणून तुम्हाला मिळालेल्या जादा तासात नवे पुस्तक आणण्याऐवजी सहावीचा तोच घटक आठवी-नववीच्या मुलांच्या वयाला शोभेल असा पुन्हा उघडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोल्हापुरात याची गरज आणखी एका कारणाने आहे. महापालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षे शहराचा कारभार प्रशासकांकडे राहिला. त्या वर्षी सहावीत ज्या मुलांनी ‘नगरसेवक’ हा शब्द पुस्तकात वाचला, ती मुले दहावी होऊन बाहेर पडली तरी मधल्या काळात त्यांनी आपल्या प्रभागात निवडून आलेला नगरसेवक पाहिला नव्हता. ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांना निवडून आलेल्या सभागृहाचा जो कारभार दिला, तो या मुलांच्या अनुभवात नव्हताच. अशा वेळी शिक्षकाने पुस्तकातील वाक्य वाचून पुढे जाऊ नये. निवडून आलेले सभागृह नसताना निर्णय कोण घेतो आणि त्याला जाब कोण विचारतो, हा प्रश्न फळ्यावर लिहावा.

माझ्या सगळ्या तासांचा कणा हाच एक प्रश्न राहिला आहे. तो मी वर्षाच्या सुरुवातीला वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेते : हा निर्णय कोणी घेतला, कोणत्या अधिकाराने घेतला, पैसा कोणाचा, आणि तो बदलायचा असेल तर कोणाकडे जायचे? कोणताही विषय या चार तुकड्यांत बसवता येतो, आणि मुख्य म्हणजे यांतील एकाही तुकड्याला कोणत्याही पक्षाचा रंग नाही.

एक तास कसा चालतो ते सविस्तर सांगते. आठवीचा वर्ग, जूनचा शेवटचा आठवडा. मी एवढेच विचारते की आज सकाळी तुमच्या घरी पाणी कोठून आले. एका वर्षी पाचगाव रस्त्यावरून येणारा एक मुलगा शेजारच्या मुलाकडे बोट दाखवून म्हणाला, “बाई, आमच्यात ग्रामपंचायतीचं येतंय, ह्येच्यात महापालिकेचं. मधी एक रस्ता हाय नुसता.” त्या एका वाक्यावर मला तीन आठवडे पुरले. फळ्याच्या उजव्या टोकाला चावी काढायची, डाव्या टोकाला नदी आणि धरण काढायचे, आणि मधला रस्ता मुलांनी भरायचा. चावीला पाणी टाकीतून येते, टाकीत शुद्धीकरण केंद्रातून, तेथे शिंगणापूर किंवा बालिंग्याच्या उपसा केंद्रातून, किंवा काळम्मावाडी धरणापासूनच्या थेट पाइपलाइनमधून. प्रत्येक टप्प्यावर खडूने एक चौकोन काढायचा आणि त्यात निर्णय घेणाऱ्याचे नाव लिहायचे. गावातील वितरण ग्रामपंचायतीकडे, शहरातील महापालिकेकडे, धरण राज्याच्या जलसंपदा विभागाकडे, आणि पाइपलाइनच्या निधीत केंद्र शासनाच्या योजनेचा वाटा. काळम्मावाडीचा दूधगंगा प्रकल्प महाराष्ट्र आणि कर्नाटक यांचा आंतरराज्य प्रकल्प आहे, हे सांगितले की मुले एकमेकांकडे पाहू लागतात. एका चावीच्या मागे ग्रामपंचायत, महापालिका, मुंबई, दिल्ली आणि शेजारचे राज्य उभे आहे, हे फळ्यावर दिसल्यावर राज्यसूची म्हणजे काय हे वेगळे समजावावे लागत नाही. संविधानाच्या अकराव्या परिशिष्टातील पंचायतींच्या २९ आणि बाराव्या परिशिष्टातील शहरी संस्थांच्या १८ विषयांची यादी त्यानंतर वर्गात वाटावी. त्याआधी ती वाटली, तर मुले तिच्याकडे पाठांतराचा आणखी एक कागद म्हणूनच पाहतात.

यानंतर मी कागद हातात देते. सर्वांत उपयोगी कागद म्हणजे घरफाळ्याची पावती. तिच्यावर सामान्य कराखेरीज कितीतरी छोट्या ओळी असतात. राज्य शिक्षण कर महापालिका गोळा करते, पण तो राज्य शासनाकडे जातो. घराला लागून दुकान असेल तर रोजगार हमी कराची ओळ दिसते. शहरातील दुकानदाराने भरलेला पैसा गावाकडच्या मजुराच्या कामासाठी जातो, ही गोष्ट आठवीच्या मुलांना विलक्षण वाटते, आणि करामागचा विचार त्यांना तेथे पहिल्यांदा भेटतो. येथे एक सावधगिरी मात्र कळकळीने सांगते. पहिल्या वर्षी मी प्रत्येकाला घरची पावती आणायला सांगितले. एका मुलाच्या पावतीवर मोठी थकबाकी होती आणि ती बाकावरच्या सगळ्यांनी वाचली. भाड्याने राहणाऱ्या चार मुलांकडे पावतीच नव्हती. थकबाकी असलेला तो मुलगा पुढे दोन दिवस माझ्या तासाला मान वर करून बसला नाही. तेव्हापासून मी माझ्या स्वतःच्या घराची पावती, नाव-पत्ता झाकून, सगळ्यांना झेरॉक्स करून देते. नागरी शिक्षण देताना मुलाच्या घरची परिस्थिती वर्गासमोर उघडी पडणार नाही, याची काळजी आधी घ्यावी. ग्रामीण भागात गावच्या दूध संस्थेचा छापील वार्षिक अहवालही असाच कामाला येतो. त्यात जमाखर्च असतो, ताळेबंद असतो, मागील सभेचे इतिवृत्त असते, आणि बहुतेक घरांत तो कोठेतरी पडलेला असतो.

आता वादाच्या विषयांकडे वळते, कारण तुमच्या प्रश्नाचे खरे दुखणे तेथे आहे.

कोल्हापुरात रस्त्यांच्या टोलविरुद्ध जे आंदोलन झाले, त्या काळात मी दहावीला शिकवत होते. प्रा. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखी ज्येष्ठ मंडळी आघाडीवर होती, सगळ्या पक्षांचे लोक एकत्र आले होते, मोर्च्यांना पेठापेठांतून माणसे जात होती, आणि मीही गेले होते. पुढे २०१५ च्या अखेरीस टोल रद्द झाला. त्या दिवसांत एकदा वर्गात मी माझे मत भरभरून सांगितले. वर्ग टाळ्या वाजवत होता. तिसऱ्या बाकावरील एक मुलगी तेवढी खाली पाहत होती. तास संपल्यावर तिच्या मैत्रिणीने येऊन सांगितले की तिचे वडील टोलनाक्यावर कामाला आहेत. माझे मत चुकीचे होते असे मला आजही वाटत नाही. पण वर्गात माझ्या हाती खडू होता, हजेरी होती, गुण होते, आणि त्या मुलीच्या हाती काहीच नव्हते. तिला बोलण्यासारखे पुष्कळ असणार, आणि ते ऐकले असते तर आंदोलनाचा धडा कितीतरी भरीव झाला असता. रस्ते कोणाच्या पैशातून झाले, करार कोणी केला, महापालिकेच्या सभागृहाने काय मंजूर केले होते, नाके बंद झाल्यावर तेथील कामगारांचे काय होते, हे सगळे प्रश्न त्या दिवशी वर्गात यायला हवे होते. माझ्या भाषणामुळे ते आले नाहीत.

पुढे वाचनात मला कळले की हाच पेच इतरांनीही सोडवला आहे. जर्मनीत १९७६ साली बॉयटेल्सबाख या गावी राजकीय शिक्षण देणाऱ्या वेगवेगळ्या विचारांच्या मंडळींची बैठक झाली आणि तिच्यातून तीन तत्त्वे पुढे आली. शिक्षकाने आपले मत विद्यार्थ्यावर लादू नये. समाजात आणि अभ्यासकांत ज्याबद्दल वाद आहे, ते वर्गातही वादाचा विषय म्हणूनच मांडावे. आणि विद्यार्थ्याला स्वतःचे हित ओळखता यावे व परिस्थितीवर प्रभाव कसा पाडायचा हे शोधता यावे. इंग्लंडमध्ये २००२ पासून माध्यमिक शाळांत नागरिकत्व हा विषय सक्तीचा झाला, तेव्हा तेथेही शिक्षकांच्या पक्षपाताची भीती हीच मोठी शंका होती. मुख्याध्यापकांना हे दाखवून द्या की त्यांची काळजी इतर देशांतील शाळांनीही केली आहे आणि राजकारण वर्गाबाहेर ठेवणे हा उपाय तेथे काढलेला नाही.

मात्र दुसऱ्या तत्त्वाचा गैरअर्थ होऊ देऊ नये. प्रत्येक गोष्टीला दोन बाजू असतात असे समजून कोणी अस्पृश्यतेच्या किंवा स्त्री-पुरुष विषमतेच्या दोन बाजू मांडू लागला, तर ते चालणार नाही. अस्पृश्यता नष्ट करणारे संविधानाचे कलम १७ वर्गातील मतदानाला टाकायचे नसते. ज्या जिल्ह्यात १९२० साली माणगावची परिषद झाली, जेथे शाहू महाराजांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाला जाहीर पाठिंबा दिला, तेथील शिक्षकाने ही रेघ ठळकच ओढली पाहिजे. कारभाराच्या मार्गांबद्दल मतभेद असू शकतात. माणसाच्या समान प्रतिष्ठेबद्दल नाही. मी हे पहिल्याच तासाला सांगते आणि वर्षभर त्यावर ठाम राहते.

वादाचा विषय निवडायचा झाल्यास तुमच्या शाळेसाठी शहराची हद्दवाढ याहून चांगला विषय मला सुचत नाही. १९७२ साली कोल्हापूर नगरपालिकेची महापालिका झाली, पण शहराची हद्द पुढची पाच दशके वाढली नाही. शेजारच्या गावांचा विरोध कायम राहिला, आणि २०१७ साली ४२ गावांसाठी वेगळे नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झाले. उचगाव, पाचगाव, कळंबा, वडणगे या गावांतील मुले आणि शहरातील मुले एकाच वर्गात असतील, तर हा वाद त्यांच्या घरांतच असतो, आणि तो कोणत्याही एका पक्षाचा नसतो. एकाच पक्षाचे शहरातील आणि गावातील कार्यकर्ते परस्परविरुद्ध बोलताना मुलांनी ऐकलेले असतात. मी वर्गाचे दोन गट करते, पण शहरातील मुलांना गावाची बाजू लिहायला देते आणि गावातील मुलांना शहराची. घरफाळा वाढेल, शेतजमिनीवर आरक्षण पडेल, ग्रामपंचायत जाऊन आपला सरपंच जाईल, ही भीती शहरातल्या मुलाने स्वतःच्या हाताने लिहिली की त्याचा आवाज खाली येतो. शहराच्या सुविधा आम्ही वापरतो, रोज कामाला तेथेच जातो, हे गावातल्या मुलीने लिहिले की तिचाही येतो. शेवटी मी मत विचारत नाही. समोरच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा कोणता वाटला, एवढेच लिहून घेते. गुणही त्यालाच देते.

राजकीय पक्षांचा दहावीचा घटक शिकवताना बहुतेक शिक्षक पक्षांची स्थापना आणि चिन्हे सांगून घाईने पुढे जातात. त्याऐवजी वेगवेगळ्या पक्षांच्या जाहीरनाम्यांतील आश्वासने, पक्षाचे नाव काढून, चिठ्ठ्यांवर लिहावीत आणि मुलांना विचारावे की हे काम कोणत्या शासनाच्या अधिकारात येते. लोकसभेचा उमेदवार गटारांचे आश्वासन देतो आणि जिल्हा परिषदेचा उमेदवार परराष्ट्र धोरणावर बोलतो, हे मुलांच्या लगेच लक्षात येते. नाव झाकलेले असल्यामुळे कोणाच्या घरचा पक्ष दुखावत नाही. मोबाइलवर येणाऱ्या राजकीय संदेशांचेही असेच करावे : पाठवणारा कोण, तारीख कोणती, मूळ कागद कोठे आहे, या तीन प्रश्नांपलीकडे शिक्षकाने निवाडा देऊ नये. मूळ कागद शोधायची सवय लागली की निवाडा मुले स्वतः करतात.

इतिहासाचा तासही या कामाला जोडून घ्या. २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांतील उमेदवारांना देण्याचा हुकूम काढला, हे आपल्या मुलांना भाषणांतून माहीत असते. मी त्या हुकमाला तेच चार प्रश्न लावते. निर्णय कोणी घेतला? राजाने. कोणत्या अधिकाराने? राजा म्हणून. मग तो बदलायचा असता तर? येथे वर्ग शांत होतो. चांगल्या राजाचा चांगला हुकूम पुढच्या राजाला मोडता आला असता का, असे एका मुलीने विचारले होते, आणि त्या प्रश्नातून आम्ही १ मार्च १९४९ ला झालेल्या संस्थानाच्या विलीनीकरणापर्यंत आणि पुढे सरकारी नोकरीतील समान संधीच्या, संविधानाच्या कलम १६ पर्यंत गेलो. राजर्षींबद्दलचा आदर त्याने तसूभरही कमी होत नाही, उलट हुकूम आणि हक्क यांतील फरक मुलांना आपल्याच मातीतील उदाहरणाने कळतो.

शालेय मंत्रिमंडळ बहुतेक शाळांत असते. पहिला आलेला मुलगा मुख्यमंत्री, दुसरी आलेली मुलगी शिक्षणमंत्री, शिक्षकांनी नावे वाचली की झाले. तुम्ही खरी निवडणूक घ्यावी, पण त्याआधी एक गोष्ट ठरवून घ्यावी, जी मी ठरवली नव्हती आणि त्याची किंमत मुलांनी मोजली. त्या वेळी मी ज्या शाळेत होते, तेथे आम्ही थाटात निवडणूक घेतली. नामनिर्देशन, माघार, प्रचाराची वेळ, गुप्त मतदान, मतमोजणी, सगळे यथासांग झाले. निवडून आलेल्या नववीच्या मुलीने एकच मागणी मांडली होती की मुलींच्या स्वच्छतागृहाचे कुलूप मधल्या सुट्टीत उघडे असावे. मंडळाने ठराव केला, इतिवृत्तात लिहिला, सूचक-अनुमोदकांची नावे घातली आणि वर पाठवला. चार महिने त्यावर काहीही झाले नाही. पुढल्या वर्षी सहा जागांसाठी पाच अर्ज आले, आणि ती मुलगी पुन्हा उभी राहिली नाही. आम्ही मुलांना निवडणूक शिकवली आणि निवडणुकीने काही होत नाही हेही शिकवले. याबद्दल मला अजून वाईट वाटते.

तेव्हापासून निवडणुकीच्या आधी मी मुख्याध्यापकांबरोबर बसते आणि मुलांचा निर्णय अंतिम असेल असे विषय लिहून त्यावर त्यांची सही घेते. विषय लहान चालतील. मैदान कोणत्या वर्गाने कोणत्या दिवशी वापरायचे, ग्रंथालयासाठी ठरलेल्या रकमेत कोणती पुस्तके घ्यायची, मंजूर केलेल्या तीन ठिकाणांपैकी सहल कोठे न्यायची. याखेरीज दुसरी यादी असते : या विषयांवर मुले मागणी करतील आणि मुख्याध्यापक पंधरा दिवसांत लेखी उत्तर देतील. उत्तर नकाराचे असले तरी चालेल, पण कारणासह हवे. दोन्ही याद्या सूचना फलकावर लावतो. नकाराचे कारण वाचायला मिळाले तर मुले रुसत नाहीत, पुढच्या वेळी मागणी नीट मांडतात, असा माझा अनुभव आहे.

निवडणुकीची पद्धतही शिकवण्याचा विषय होऊ शकते. आपल्या राज्यात सरपंचाची निवड २०१७ साली थेट जनतेतून करण्याचा कायदा झाला, २०२० साली ती पुन्हा सदस्यांतून होऊ लागली आणि २०२२ साली परत थेट जनतेतून. एका वर्षी शाळेचा प्रमुख थेट सर्व मुलांतून निवडा आणि दुसऱ्या वर्षी वर्गप्रतिनिधींतून, आणि मग दोन्ही वर्षांची तुलना मुलांनाच करू द्या. थेट निवडून आलेल्या प्रमुखाचे आणि वर्गप्रतिनिधींचे पटले नाही, तर काय होते, हे त्यांना पुस्तकापेक्षा चांगले कळेल. मतदानासाठी मोबाइलवरील मतदान यंत्राचे अॅप हल्ली पुष्कळ ठिकाणी वापरतात. मी मात्र अजून कागदी मतपत्रिकाच वापरते. दोन नावांच्या मधल्या रेघेवर शिक्का पडलेली एक मतपत्रिका हातात आली की ती वैध की अवैध यावर उमेदवारांचे प्रतिनिधी जे बोलतात, तो तास कोणतेही अॅप देऊ शकत नाही.

पालक आणि संचालक यांच्याबाबत थोडक्यात सांगते. जूनच्या पहिल्या पालकसभेत वर्षभराचे विषय एका पानावर छापून द्या आणि त्याखाली दोन ओळी ठळक लिहा : वर्गात कोणत्याही पक्षाचा प्रचार होणार नाही, आणि मुलाला घरचे राजकीय मत सांगण्याची सक्ती कधीही केली जाणार नाही. कोणताही पालक कोणत्याही तासाला मागे येऊन बसू शकतो, असेही सांगा. माझ्या वर्गात इतक्या वर्षांत तिघे-चौघेच येऊन बसले, पण दार उघडे आहे हे सगळ्यांना माहीत होते. राजकारणात असलेल्या संचालकांना पाहुणे म्हणून बोलवायचे झाले तर भाषणासाठी बोलावू नका. ग्रामपंचायत, पंचायत समिती किंवा जिल्हा परिषद येथे त्यांनी ज्या पदावर काम केले, त्या पदाच्या कामाबद्दल मुलांनी आधी लिहून ठेवलेले प्रश्न विचारायचे, अशी अट घाला, आणि एका गटाचा माणूस आला तर त्याच वर्षी दुसऱ्या गटाचाही येईल हे पाहा. निवडणुकीची आचारसंहिता चालू असताना मात्र कोणालाही बोलावू नका, अगदी बक्षीस समारंभालाही नको.

ग्रामसभा दाखवायला मुलांना न्यावे का, असेही तुम्ही विचारले आहे. जरूर न्यावे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा घेण्याची पद्धत आहे, त्यांपैकी १५ ऑगस्टची सभा शाळेला सोयीची पडते, कारण मुले झेंडावंदनाला गावातच असतात. जाण्याआधी विषयपत्रिका मिळवून वर्गात वाचावी, नाहीतर मुलांना केवळ गोंगाट दिसतो. कोरम म्हणजे काय, सभा तहकूब का होते, किती बायका बोलल्या आणि किती नुसत्या सही करून गेल्या, हे त्यांनी मोजून आणावे. आपल्या राज्यात स्थानिक संस्थांत स्त्रियांना निम्म्या जागा राखीव आहेत. सभेत बोलणाऱ्यांत निम्म्या स्त्रिया होत्या का, हे मोजून आलेली मुलगी जे लिहिते, ते मी कितीही समजावले तरी लिहून घेता आले नसते.

वेळ आणि गुण यांची अडचण आहेच. दहावीत इतिहास व राज्यशास्त्राची लेखी परीक्षा ४० गुणांची, त्यात राज्यशास्त्राचा वाटा लहान, म्हणून पालक आणि शाळा दोघेही जानेवारीनंतर हा तास गणिताला देऊ पाहतात. मी दहावीचे काम दिवाळीपर्यंत संपवते आणि खरे प्रकल्प आठवी-नववीत करून घेते. तुम्हीही तसेच करावे. दहावीच्या वर्गासाठी भांडण्यात शक्ती घालवू नका.

पहिल्या महिन्यात काय करावे, तेवढे सांगून थांबते. चावीचा तास घ्या. त्यातून मुलांना शाळेच्या परिसरातील एक छोटी अडचण निवडू द्या, जिचे उत्तर एकाच कार्यालयाकडे आहे : गळणारा व्हॉल्व्ह, बंद पथदिवा, शाळेसमोरील पुसलेले पांढरे पट्टे. अर्ज मुलांनी लिहावा, मुख्याध्यापकांच्या सहीने जावा, आणि दोन मुलांनी तुमच्याबरोबर जाऊन तो आवक-जावक खिडकीवर द्यावा. आमच्या पहिल्या अर्जाच्या वेळी खिडकीवरच्या माणसाने अर्ज ठेवून घेतला आणि ‘जावा आता’ म्हणून सांगितले. आठवीतील एक मुलगा जागचा हलला नाही. दुसरी प्रत पुढे सरकवून तो म्हणाला, “साहेब, पोच पाहिजे.” शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक असलेली ती प्रत आम्ही वर्गात फळ्याशेजारी लावली. उत्तर यायला एकोणीस दिवस लागले आणि त्यात एवढेच लिहिले होते की अर्ज दुसऱ्या विभागाकडे वर्ग केला आहे. मुलांनी तो विभाग फळ्यावरच्या आकृतीत शोधला, नवा चौकोन काढला आणि दुसरा अर्ज लिहायला घेतला.